स्विम डायपर घेताना चित्रं नको, मांडीचं इलॅस्टिक बघा: बाळाच्या पहिल्या स्विमिंग क्लासचं सामान

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या टॉवर्सपासून थेट नवी मुंबईच्या खारघर-सीवूड्सपर्यंत आता सहा-आठ महिन्यांच्या बाळांचे स्विमिंग क्लास भरतात. नाव नोंदवलं की पहिली खरेदी स्विम डायपरची. बाजारात तीन प्रकार मिळतात: एकदा वापरून टाकायचा, धुऊन वापरायचा कापडी, आणि डायपरवरून चढवायची निओप्रिनची (रबरासारख्या जाड, ताणणाऱ्या कापडाची) घट्ट चड्डी. तिन्हींचं काम एकच, आणि ते बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. स्विम डायपर शू अडवत नाही. तो शी अडवतो, आणि तीही थोडाच वेळ. कोणता डायपर चांगला, हे त्यामुळे एका गोष्टीवर ठरतं: मांडीजवळचं इलॅस्टिक बाळाच्या मांडीला सगळीकडून चिकटून बसतं की नाही.

रोजचा डायपर पाण्यात का चालत नाही, हेही इथेच समजून घ्या. त्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटचे बारीक कण असतात. शू शोषून त्यांची जेली होते. पूलमध्ये उतरल्यावर ते मिनिटभरात पूलचंच पाणी ओढायला लागतात, डायपर फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो, आणि फाटला तर ती जेली पाण्यात पसरून फिल्टरमध्ये जाते. स्विम डायपरमध्ये हे शोषणारं सामान जवळजवळ नसतं, म्हणून तो फुगत नाही आणि म्हणूनच शूही धरत नाही. तो घरून घालून निघू नका. माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलात तर रिक्षाची सीट आणि तुमचे कपडे, दोन्ही भिजतील. येताना-जाताना रोजचा डायपर आणि पूलजवळ पोहोचल्यावर बदल, हाच क्रम ठेवा.

टाकायचा प्रकार पहिल्या दोन-तीन क्लासना उत्तम. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढता येतो, त्यामुळे शी झाली तरी पायांवरून ओढावा लागत नाही. उणीव मापात आहे. ही मापं वजनावर असतात आणि बाळाच्या मांड्या वजनाप्रमाणे वाढतातच असं नाही. सडपातळ बाळाला वजनाप्रमाणे घेतलेला डायपर मांडीला सैल पडतो. वजन दोन मापांच्या सीमेवर असेल तर लहान माप घ्या. आठवड्यातून एक क्लास आणि दोन महिन्यांचा कोर्स धरला तर आठ लागतात, शिवाय दोन जादा. त्याहून मोठा पॅक आणू नका, बाळ तोवर मापाबाहेर जातं.

कोर्स लांबणार असेल तर कापडी घ्या, पण नीट बघून. ‘तीन ते सतरा किलो, एकच माप’ असं लिहिलेले टिचबटणांचे डायपर सगळीकडे दिसतात. सहा-सात किलोच्या बाळाला ते सर्वात आतल्या बटणावर लावले तरी जांघेत चुणी पडते आणि त्या चुणीतून शीला वाट मिळते. आमची पसंती लहान-मध्यम-मोठं अशा वेगळ्या मापांत येणाऱ्या आणि बाजूने उघडणाऱ्या डायपरला. चड्डीसारखे ओढून घालायचे दिसायला सुटसुटीत असतात, पण शी झाल्यावर तेच पायांवरून खाली आणताना बाळ गुडघ्यापर्यंत माखतं. वेल्क्रोपेक्षा टिचबटण बरं. वेल्क्रो निओप्रिनच्या पोहायच्या सूटला चिकटतो आणि सूटचे धागे ओढतो.

माप घरी असं तपासा. डायपर घालून बाळाला पाठीवर झोपवा, दोन्ही गुडघे हलकेच पोटाकडे आणा आणि बेडकासारखे बाहेर उघडा. क्लासमध्ये बाळाचे पाय बहुतेक वेळ याच स्थितीत असतात. आता जांघेत बघा. कापड आणि कातडी यांमध्ये उजेड दिसला तर माप चुकलं. मांडीच्या इलॅस्टिकखाली करंगळी जेमतेम जावी, कमरेला दोन बोटं. दहा मिनिटांनी काढल्यावर फिकट वळ दिसला तर हरकत नाही, लाल खोल रेघ दिसली तर मोठं माप घ्या. मग डायपर ओला करून मग्यातून आत पाणी ओता. पाणी लगेच निथळलं पाहिजे. पिशवीसारखं साठून राहिलं तर आत शोषणारा थर आहे किंवा तो रोजचा कापडी डायपर स्विम डायपर म्हणून तुमच्या गळ्यात मारलाय. रोजचा कापडीच वापरायचा असेल तर आतली शोषणारी घडी काढून टाका.

आपल्याकडची एक खास अडचण कोणत्याच पाकिटावर छापलेली नसते: करगोटा. कमरेचा काळा दोरा इलॅस्टिकखाली आला की तिथे बारीक फट राहते, आणि ओला दोरा कातडीला घासून रॅश येतो. क्लासपुरता तो काढता येत नसेल तर इलॅस्टिकच्या वर सरकवून ठेवा. वाळे आणि मनगट्या मात्र घरीच ठेवा. क्लोरीनच्या पाण्यात चांदी काळवंडते, आणि निसरड्या बाळाला धरताना त्या तुमच्या कपड्यांत अडकतात. काजळ-तीटही नको, पाण्यात उतरून डोळ्यांत जातं.

निओप्रिनची चड्डी एकटी वापरायची नसते, आतल्या डायपरवर दुसरा थर म्हणून घालतात. काही क्लास हा दुहेरी थर सक्तीचा ठेवतात. खरेदीआधी तेवढं विचारून घ्या, नाहीतर पैसे दोनदा जातील.

डायपरच्या चित्रांपेक्षा पैसे उबेवर खर्च करा असं आम्ही आवर्जून सांगू. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, सल्ल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पूलचं पाणी किमान ३२ अंश सेल्सिअस हवं, सुरुवात १० मिनिटांनी करून २० पर्यंत जावं, आणि वर्षाच्या आतलं बाळ एका वेळी ३० मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नये. आपल्या सोसायट्यांचे पोडियमवरचे पूल बहुतेक उघडे आणि न तापवलेले असतात. मे महिन्यातही सकाळचं पाणी संध्याकाळपेक्षा गार असतं, कारण ते रात्रभर निवतं. अशा पूलवर ऊन उतरल्यानंतरची, पाचच्या पुढची वेळ मागा. टबात टाकायचा तरंगता थर्मामीटर सोबत न्या, कोपरभर खोल दोन मिनिटं धरा आणि आकडा स्वतः वाचा. ‘पाणी गरम आहे’ हे वाक्य मोठ्या माणसाच्या हाताने ठरवलेलं असतं.

पोहायचा सूट घ्याल तर दोन मिलिमीटर जाडीच्या निओप्रिनचा, पूर्ण उघडून त्यावर बाळ ठेवून गुंडाळता येईल असा. डोक्यातून घालायचा सूट ओल्या, वळवळणाऱ्या हातांवरून काढणं फार कठीण जातं. पातळ लायक्राचे बाह्यांचे कपडे उन्हापासून वाचवतात, थंडीपासून नाही. सूट असला तरी बाळाचे ओठ निळसर झाले, अंगावर जाळीदार डाग उठले किंवा ते थरथरलं, तर क्लास तिथेच थांबवून बाहेर या.

टॉवेलच्या बाबतीत नव्यापेक्षा घरातलंच सरस. टोपीवाले, कार्टूनचे, मऊ मऊ टॉवेल पुष्कळदा पॉलिस्टरचे निघतात आणि पाणी टिपण्याऐवजी इकडून तिकडे ढकलतात. दुकानात कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, तो मण्यासारखा बसून राहिला तर सोडून द्या. जुन्या सुती साडीचं दुपटं टिपायला आणि एक जाड टॉवेल गुंडाळायला, असे दोन न्या.

गळ्यात घालायची फुगवायची रिंग अजिबात घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) जून २०२२ मध्ये, विशेषतः विकासात अडचण असलेल्या बाळांच्या पाण्यातल्या उपचारांसाठी, अशा रिंगा वापरू नका असा इशारा दिला. त्यात मृत्यू आणि गंभीर दुखापतीचा धोका सांगितला आहे. रिंगमधली हवा थोडी गेली की हनुवटी आत सरकते, आणि बाळ ओरडत नाही. दंडावरचे फुगेही सुरक्षेचं साधन नव्हेत. बाळावर तुमचा हात हवा.

घरची तयारी दोन आठवडे आधी सुरू करा. आपल्याकडे बाळाची आंघोळ कढत पाण्याची, सदतीस अंशांच्या आसपास किंवा वरच. त्यातून थेट बत्तीसमध्ये उतरलं की बाळ रडणारच. शेवटची पाच मिनिटं टबातलं पाणी रोज थोडं कोमट करत चौतीसपर्यंत आणा. तांब्याने आधी खांद्यावर, मग डोक्याच्या मागे पाणी सोडा, आणि दर वेळी आधी तेच शब्द म्हणा: ‘बाळा, एक, दोन, आलं पाणी.’ शब्द बदलू नका. काही दिवसांत बाळ ते ऐकून डोळे मिटायला लागतं.

क्लासच्या दिवशी तेलमालिश नको. तेलकट बाळ हातातून सटकतं आणि तेलाचा तवंग पाण्यावर येतो. डायपर रॅशचं घट्ट मलमही पूलनंतरच लावा, नाहीतर ते कापडात बसून राहतं. दूध पाजल्यावर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, नाचणीचं सत्त्व किंवा खिमट खाल्लं असेल तर तासभर. लसी पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही, असं एनएचएस सांगते. पण लसीमुळे ताप आला असेल तर त्या दिवशी नको. जुलाब असतील तर अजिबात नको, कारण कोणताही डायपर पातळ शी अडवत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू तर नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त टिकतो. त्याची बाधा झाली असेल तर जुलाब थांबल्यावर आणखी दोन आठवडे लांब राहा.

क्लासवाल्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, बाळाला पाण्याखाली बुडवता का? बुडवत असतील तर नाही म्हणा. वारंवार पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम खाली जाऊन बाळाला झटके येऊ शकतात. दुसरा, आज क्लोरीन आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) किती आहे? मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच ७.० ते ७.८ असं उत्तर यायला हवं. नाकात झोंबणारा ‘क्लोरीनचा’ वास स्वच्छतेची खूण नाही, तो घाम आणि शू यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन येतो. ‘क्लासनंतर बाळ बुडणार नाही’ असं कोणी सांगत असेल तर तेही सोडून द्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेप्रमाणे, एक वर्षाच्या आतल्या बाळाचा बुडण्याचा धोका अशा क्लासमुळे कमी होतो याला पुरावा नाही.

पूलवर असेपर्यंत निदान तासाला एकदा डायपर तपासा आणि बदलायचा असेल तर पूलच्या काठावर नाही, बाथरूममध्ये बदला. घरी आल्यावर कापडी डायपर आधी साध्या पाण्यात पिळा, मग सौम्य साबणाने धुवा. ब्लीच आणि कपडे मऊ करणारं लिक्विड दोन्ही नको, आणि वाळत घाला ते सावलीत. पावसाळ्यात नवी मुंबईच्या दमट हवेत इलॅस्टिकचा जाड काठ रात्रभरात वाळत नाही, आणि ओलाच घडी केला की कुबट वास धरतो. म्हणून दोन डायपर घ्या आणि पंख्याखाली वाळवा. महिन्यातून एकदा मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडा. ते लगेच जागेवर आलं नाही, तर त्या डायपरचं काम संपलं.