कागद खरा, शिक्का खरा, सही मात्र कारकुनाची

लिंकनच्या सहीची म्हणून विकली जाणारी जमिनीची सनद हा अमेरिकी अध्यक्षांच्या सह्यांच्या धंद्यातला सर्वांत सोपा फसवणुकीचा माल. सोपा अशासाठी, की विकणाऱ्याला त्यात काहीच बनवावं लागत नाही. सनद त्या काळची असते, जनरल लँड ऑफिस या सरकारी जमीन कचेरीचा शिक्का अस्सल असतो, शाई दीडशे वर्षांत तपकिरी पडलेली असते. खाली ठळक अक्षरांत ‘अब्राहम लिंकन’ लिहिलेलंही असतं. फक्त ते लिंकननं लिहिलेलं नसतं.

व्यवहार बहुधा असा होतो. सनद फ्रेममध्ये येते. शेजारी लिंकनचं चित्र, खाली पितळी पट्टी, मागे होलोग्राम चिकटवलेलं प्रमाणपत्र. सहीच्या खाली माउंटचा, म्हणजे काचेआड कागदाभोवती लावलेला खिडकी कापलेला पुठ्ठा अगदी नेटका बसवलेला असतो आणि त्याच पुठ्ठ्याखाली दुसरी ओळ दडलेली असते: ‘डब्ल्यू. ओ. स्टॉडार्ड, सचिव यांच्या हस्ते’. कधी ओळ उघडीच असते, पण मग विकणारा सांगतो, ‘ती सचिवाची प्रतिस्वाक्षरी आहे, वरची सही साहेबांची.’ भिंग घेऊन पाहिलं तर दोन्ही ओळींचं अक्षर एक, शाई एक, टाकाचा दाबही एक. वर्षानुवर्षं दिवाणखान्यात लावलेली ही फ्रेम विकायला काढली, की लिलाववाला ती उघडतो आणि तेव्हा कुठे उलगडा होतो.

यामागे चक्क कायदा आहे. सरकारी जमिनीच्या प्रत्येक सनदेवर पूर्वी अध्यक्षांना स्वतः सही करावी लागे. अँड्र्यू जॅक्सनच्या काळात जमीनविक्री इतकी वाढली, की सह्यांअभावी हजारो सनदा पडून राहिल्या. 2 मार्च 1833 च्या कायद्यानं अध्यक्षांच्या नावानं सही करण्यासाठी सचिव नेमायला परवानगी मिळाली. त्यामुळे जॅक्सनच्या सनदा दोन्ही प्रकारच्या मिळतात: आधीच्या त्याच्या सहीच्या आणि नंतरच्या ए. जे. डोनेल्सनच्या हातच्या. पुढच्या अध्यक्षांपैकी व्हॅन ब्युरेनच्या नावानं त्याच्या मुलानं सह्या केल्या, टायलरच्या नावानंही मुलानंच. तिथे तर खालचं आडनावही तेच असतं, म्हणजे फसायला आणखी सोय. 1833 च्या कायद्यानंतरच्या सनदेवर अध्यक्षांची सही नसतेच, असं धरून चालावं. अशी सनद कवडीमोल नाही, पण तिची किंमत एका जुन्या कागदाची. लिंकनच्या सहीशी तिची तुलनाच होत नाही.

मोडी कागद हाताळलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे पत्र कारकुनाच्या हातचं असायचं आणि त्याला वजन यायचं ते शिक्क्यानं आणि मोर्तबानं. अक्षर कोणाचं, हे फारसं कोणी विचारत नसे. अमेरिकी कागदात मात्र संग्राहक पैसे मोजतो ते हातासाठी, म्हणून पहिला प्रश्न हाताचाच.

त्यामुळे फ्रेममधला कागद फ्रेमसकट घेऊ नये. बाहेर काढलेल्या कागदाचे चार फोटो मागावेत: पुढची बाजू, मागची बाजू, एका अंगानं तिरका प्रकाश टाकून आणि मागून प्रकाश पाडून. तिरक्या प्रकाशात टाकाच्या टोकानं उमटलेली खाच दिसते, छापील सहीत ती नसते. मागून प्रकाश पाडला की कागदातला जलचिन्हाचा ठसा, डागडुजी आणि खरवडून काढलेली जागा कळते. मागच्या बाजूला नोंदी, घड्यांचे मळकट पट्टे, जुन्या डिंकाचे डाग सापडतात. बनावट माल बऱ्याचदा पाठीवर कोराच असतो. ‘फ्रेम उघडली तर प्रमाणपत्र रद्द होतं’ असं कोणी म्हणालं, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कागद हातात आला की दहापट भिंग. खऱ्या शाईच्या रेघेत जाड-बारीक असतं, रेघ रेघेला छेदते तिथे शाई गडद होते, टोकं निमुळती सुटतात. शिळाछापात सगळं एकसारखं सपाट दिसतं, घरच्या प्रिंटरच्या छपाईत रंगीत ठिपके दिसतात. एवढ्यावरच बिक्सबी पत्राचा घोटाळा उघडा पडतो. 21 नोव्हेंबर 1864 चं हे पत्र लिंकननं युद्धात मुलगे गमावलेल्या बोस्टनच्या लिडिया बिक्सबी या आईला पाठवलं होतं. मूळ पत्र आजवर मिळालेलं नाही. पण 1891 पासून त्याच्या शिळाछाप प्रती शोभेसाठी विकल्या गेल्या, सुरुवातीला दोन डॉलरला, पुढे एका डॉलरला. त्या प्रतीही आता सव्वाशे वर्षांहून जुन्या झाल्यात, कागद पिवळा पडलाय, घड्या झिजल्यात. ‘आमच्या पणजोबांच्या पेटीत सापडलं’ असं सांगणारा कधी कधी खरंच बोलत असतो. पेटी खरी, पणजोबा खरे, पत्र छापील. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना व्हाइट हाउसच्या कागदावर मिळालेल्या अध्यक्ष ट्रुमनच्या आभारपत्रांचीही तीच गत, त्यांवरची सही छापलेलीच आहे.

ठशाच्या सह्या वेगळ्या. अँड्र्यू जॉन्सनचा उजवा हात अपघातात दुखावलेला होता. अध्यक्ष असताना त्यानं बऱ्याच नेमणूकपत्रांवर सहीचा ठसा वापरला. ठशाच्या रेघेची कड गडद आणि मध्य फिका दिसतो, तोच शाईचा डाग पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला माल घेणाऱ्यांनी ऑटोपेन समजून घेतलाच पाहिजे. हे यंत्र साच्यावरून सही काढतं आणि त्यात कोणतंही पेन बसतं, त्यामुळे शाई खरी, खाचही खरी. केनेडीच्या काळापासून त्याचा वापर सर्रास झाला. शिवाय केनेडीच्या सचिव त्याच्या नावानं हातानंही सह्या करत. म्हणून केनेडीची सही हा अनुभवी माणसालाही घाम फोडणारा विषय आहे. ऑटोपेनची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाची असते, दोन्ही टोकांना बारीक ठिपका असतो आणि सरळ रेघेत हलकी थरथर दिसते. खात्रीचा उपाय म्हणजे ती सही पारदर्शक करून ज्ञात साच्यांच्या नमुन्यांवर ठेवून बघायची. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या, तर हात यंत्राचा. (मे 2011 मध्ये ओबामा फ्रान्समध्ये असताना एका विधेयकावर ऑटोपेननंच सही झाली होती. कायद्याला ती चालली, संग्राहकाला नाही.) रेगनच्या सिनेमातल्या दिवसांतल्या फोटोंवर तर पुष्कळदा त्याच्या आईनं सह्या केल्या आहेत.

शुद्ध बनावटीत दोन नावं माहीत असावीत. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचा रॉबर्ट स्प्रिंग जॉर्ज वॉशिंग्टनचे चेक आणि परवाने बनवायचा आणि कॉफीच्या गाळानं कागद जुना करायचा. विसाव्या शतकात जोसेफ कोझी लिंकनचे कागद बनवत असे, जुन्या कागदावर वॉटरमन कंपनीच्या तपकिरी शाईनं. दोघांचा माल अजून बाजारात फिरतो. गंमत म्हणजे आता तोही बनावट म्हणूनच जमवणारे लोक आहेत.

जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून घेणं ही जुनीच युक्ती. त्यामुळे ‘कागद त्या काळचा असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे’ या वाक्यानं सहीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण जुना कागद बनावट करणाऱ्यावर उलटतोही. शाई फुटू नये म्हणून कागदाला दिलेली खळ काळानं गेलेली असते, म्हणून आज घातलेली शाई तंतूंमधून फुटते आणि अक्षराच्या कडा केसाळ दिसतात. घडीवर पाहावं: पत्र आधी लिहिलं जातं, मग दुमडलं जातं, त्यामुळे खऱ्या पत्रात घडीवरची शाई झिजलेली असते. शाई घडीच्या चिरेत शिरून आडवी पसरली असेल, तर लिखाण घडीनंतरचं. अंधारात यूव्ही टॉर्च मारली आणि कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात साधारण 1950 च्या आसपास रूढ झालेलं चकाकीचं रसायन आहे. असा कागद लिंकनच्या टेबलावर असू शकत नाही.

काही खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लिंकन पत्रांवर बहुधा ‘ए. लिंकन’ लिहायचा, नेमणूकपत्रांसारख्या सरकारी कागदांवर पूर्ण नाव. त्याची सही एका रेषेत बसत नाही: ‘ए’ खाली, आडनावाचा पहिला भाग जरा वर, शेवटचा आणखी वर, अशी पायऱ्या चढते. जेफरसन नाव तोडून ‘टीएच’ आणि मग दोन टिंबं लिहायचा. त्याच्या पत्राखाली पूर्ण ‘थॉमस’ दिसलं, तर थांबून विचार करावा. ‘जॉन अॅडम्स’ नावाची त्या काळात कितीतरी माणसं होती. त्यांच्यापैकी कोणाची पावतीवरची सही अस्सल असेलही, पण ती अध्यक्षांची नव्हे.

तारखा सर्वांत जास्त फितूर होतात. थिओडोर रूझवेल्टनं 1901 मध्ये ‘व्हाइट हाउस’ हे नाव अधिकृत केलं, त्याआधीच्या कार्डांवर आणि पत्रांवर ‘एक्झिक्युटिव्ह मॅन्शन’ छापलेलं असायचं. बॉलपेन अमेरिकेत 1945 च्या ऑक्टोबरात विक्रीला आलं. रूझवेल्ट, म्हणजे फ्रँकलिन, त्याच एप्रिलमध्ये वारले होते. झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिनकोड, 1 जुलै 1963 पासून. 1990 च्या दशकात केनेडी आणि मेरिलिन मन्रो यांच्या संबंधांचे कागद म्हणून एक गठ्ठाच बाजारात आला. शंभरावर गुंतवणूकदारांनी त्यात सुमारे 70 लाख डॉलर घातले. 1963 आधीच्या तारखेच्या पत्रात झिप कोड निघाला आणि टाइप केलेलं उचलून काढणारी फीत वापरल्याच्या खुणाही दिसल्या. ती फीत तर 1970 च्या दशकातली. विकणारा 1999 मध्ये दोषी ठरला. एवढे पैसे गेले आणि पुरावा पत्त्याच्या ओळीत होता!

आता किमतीबद्दल, कारण अस्सल सहीतही माणूस फसतो. सर्वांत खाली कात्रण, म्हणजे कागदातून कापून काढलेली नुसती सही. त्यावर सही केलेला छापील दस्तऐवज, मग दुसऱ्यानं लिहिलेलं किंवा टाइप केलेलं पण सही केलेलं पत्र, आणि सर्वांत वर संपूर्ण स्वहस्ताक्षरातलं पत्र. त्यातही मजकुरावर सगळं ठरतं. गुलाम मुलांना मुक्त करा, अशी लहान मुलांनी केलेल्या विनंतीला लिंकननं 5 एप्रिल 1864 रोजी दिलेलं उत्तर 2008 मध्ये सदबीज या लिलावसंस्थेत 34 लाख डॉलरला गेलं. एखाद्या इसमाला भेटीची वेळ देणारी लिंकनची चिठ्ठी त्याच्या जवळपासही जात नाही. विकणारा मात्र लिलावाची मोठी बातमी दाखवतो आणि कात्रण गळ्यात मारतो.

दुसरी युक्ती पदाच्या काळाची. विल्यम हेन्री हॅरिसन 1841 मध्ये जेमतेम 31 दिवस अध्यक्ष होता, म्हणून त्या महिन्यातली त्याची सही अतिदुर्मिळ. त्याआधी सेनापती आणि राज्यपाल म्हणून त्यानं केलेल्या सह्या तुलनेनं सहज मिळतात. जाहिरातीत ‘राष्ट्राध्यक्ष हॅरिसन’ असतं आणि तारीख 1810 ची. खोटं काहीच नाही, किंमत तेवढी खोटी.

विक्रेत्यानं सोबत दिलेला ‘मूल्यांकन अहवाल’ विम्याच्या हिशेबाचा असतो आणि विमा उतरवण्यासाठीचा आकडा नेहमी फुगलेला. भाव पाहायचा तो झालेल्या लिलावांचा: तोच प्रकार, तोच काळ, तशीच अवस्था. त्यातही हातोडीची किंमत, म्हणजे लिलावातली शेवटची बोली, आणि खरेदीदाराचं कमिशन, साधारण 20 ते 25 टक्के, वेगळं धरावं. उद्या विकायला गेलात तर विक्रेत्याचं कमिशनही कापलं जातं. दुकानात घेतलेला कागद लगेच लिलावात गेला, तर निम्मे पैसे सुटले तरी बरं.

प्रमाणपत्राला कोणी सही केली आणि चूक निघाली तर पैसे कोण परत करणार, एवढंच विचारावं. विक्रेत्याच्याच प्रिंटरवर निघालेला कागद काही सिद्ध करत नाही. पावतीवरचे शब्द मात्र नीट वाचावेत. ‘अध्यक्षांच्या नावाची सही’, ‘कालीन सही’, ‘यांची मानली जाणारी’ ही पळवाट आहे. पावतीवर ‘अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं केलेली सही’ असं लिहून घ्यावं, सोबत परतीची मुदत आणि अस्सलपणाची बिनमुदत हमी. नकार मिळाला तर तो नकारच उत्तर समजावा.

कागद अस्सल असूनही हातचा जाऊ शकतो. 2011 मध्ये अध्यक्षांच्या वस्तू जमवणारा एक नामांकित संग्राहक बाल्टिमोरच्या ग्रंथालयातून कागद चोरताना पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. चोरीचा कागद मूळ संस्थेकडे परत जातो, घेणाऱ्याचे पैसे बुडतात. कागद कोणाकडून कोणाकडे आला, हे कागदोपत्री मागावं. कडेला कापलेला पट्टा किंवा खरवडलेला ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर हातही लावू नये.

पैसे बँकेतून थेट पाठवू नयेत, किंवा ‘मित्राला पाठवतोय’ असं दाखवूनही देऊ नयेत. दोन्हीत ते परत येत नाहीत. क्रेडिट कार्डवर तक्रार करता येते, पण तिला मुदत असते, म्हणून पार्सल येताच तज्ज्ञाला दाखवावं. फसवणूक लक्षात आली तर कागद तपासाआधी कोणाला परत करू नये. जाहिरात विक्रेता काढून टाकतो, तेव्हा आधी तिचे स्क्रीनशॉट घ्यावेत. आणि फ्रेम उघडताना तो माउंटचा पुठ्ठा फेकू नये. स्टॉडार्डची ओळ नेमकी झाकेल अशी खिडकी त्यात मुद्दाम कापलेली असते. ‘मलाही माहीत नव्हतं’ असं विक्रेता म्हणतो, तेव्हा ती खिडकी सनदेवर ठेवून मापासकट फोटो काढावा आणि तक्रारीला जोडावा.