पागाच्या शिशासाठी करून घेतलेला साचा, नऊ महिने वापरून झाल्यावर

गुहागरला आमच्या घरी पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, विणणं आजोबांपासून आहे, पण शिशाचे मणी कायम पट्टी कापून दोरीवर ठोकून बसवलेले, एक जड एक हलका, त्यामुळे पाग फेकला की एका बाजूने आधी बुडायचा आणि बोय मासळी नेमकी तिथूनच निसटायची. म्हणून ऑक्टोबरात एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा दोन फाळ्यांचा साचा करून घेतला. एका वेळी सहा मणी, 10 मिमी जाड, 15 मिमी लांब, मधे भोकासाठी 4 मिमीची सळई, म्हणजे मणी साधारण 11 ग्रॅमचा. साडेचार किलोच्या पागाला चारशे मणी लागतात, दोन संध्याकाळी होतात.

पहिला महिना वैतागच होता. हवा जायला चरेच ठेवले नव्हते त्याने, मणी टोकाला अर्धे यायचे. शेवटी मीच करवतीच्या पात्याने बारीक चरे पाडले, आत दिव्याची काजळी धरली, तेव्हा कुठे भरीव यायला लागले. साचा गार असेल तर पहिले दोन घाण सुरकुतलेले येतात, ते परत कढईत टाकायचे, मग चकचकीत येतात, आणि पांढुरके दिसायला लागले की साचा फार तापलाय, जरा थांबायचं. सांध्यावर शिशाचा पापुद्रा राहतो तो कानशीने काढाच, भोकाच्या कडेला राहिला तर दोरी कापतो, माझी एक कापलीय.

शिसं टायरवाल्याकडचं, चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात त्या वजनांचं. त्यात आता जस्ताचे तुकडेपण असतात, पण शिसं 327 अंशाला वितळतं आणि जस्त 419 ला, आच मंद ठेवली की जस्त आणि लोखंडी क्लिपा वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाकायच्या. एकदा जस्त वितळून मिसळलं की शिसं गाठाळ होतं, साच्यात नीट उतरत नाही. बॅटरीच्या प्लेटा मात्र कोणी कितीही स्वस्त दिल्या तरी घेऊ नका, विषारी असतं ते. भांडं लोखंडी कढईच, जर्मनचं पातेलं अजिबात नको.

आता जूनमधली गोष्ट. पडवीत कढई ठेवलेली, वितळलेल्या शिशात नवीन तुकडा टाकला, हाताला कोरडा वाटला होता पण पावसाळी हवेत ओल धरलेला असणार. फाट्टकन आवाज आला आणि शिसं वाशापर्यंत उडालं. पाण्याची वाफ होताना सुमारे 1700 पट फुगते, थेंबभर ओल पुरते. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, मनगटावर डाग आहे अजून. तेव्हापासून तुकडे आधी कढईच्या काठावर तापवून घेतो, आणि पाऊस असला की कढई लावतच नाही.

ओतताना वारा पाठीमागून येईल असं बसतो, पोरांना जवळ येऊ देत नाही, नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखूसुद्धा नाही, ती कढई स्वैपाकाला कधीच नाही.

पाग आता गोल पडतो, बोयपण बऱ्यापैकी मिळते. दिवाळीनंतर कोळंबीच्या पागासाठी 6 ग्रॅमचा दुसरा साचा करायला टाकतोय, चरे आधीच आखून देणार आहे.