दांडिया बाजारातला फिजिक्सचा क्लास: ११वीवाल्यांनी नक्की लावा

मुलगी ११वी सायन्सला आहे, बडोद्यात मराठीतून समजावणारे सर मिळणं कठीणच, पण हे भेटले आणि खरंच जीव भांड्यात पडला. बॉल सरळ वर फेकला तर किती वेळ हवेत राहील हे सगळीकडे २यू भागिले जी (यू म्हणजे फेकतानाचा वेग, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला वेगात पडणारा फरक) असं पाठ करून घेतात, इथे सरांनी आधी विचारलं की दर सेकंदाला वेग किती कमी होतो, २० मीटर पर सेकंदने फेकला, जी १० धरला, म्हणजे २ सेकंदात वेग शून्य, उंची २० मीटर, खाली यायला अजून २, झाले ४. मग लगेच तोच बॉल २५ मीटर उंच गच्चीवरून फेकायला लावला, आता बॉल फेकला त्या जागेच्या खाली जमिनीवर पडतो, म्हणून तो फॉर्म्युला चालतच नाही! वरची दिशा प्लस, जी मायनस, वेळेच्या समीकरणाची उत्तरं ५ आणि मायनस १ सेकंद, त्यातलं मायनस का सोडायचं हे पोरांकडूनच काढून घेतलं. हे फार आवडलं. हवेचा अडथळा धरलेला नाही हेही सांगतात.

फी ठीक आहे, बॅच छोटी. पार्किंगचे मात्र हाल, संध्याकाळी टू-व्हीलरच आणा.