लिओपोल्डी रेसाठी घेतलेला तयार संप फिल्टर : दहा महिन्यांनंतरचे मत

काळ्याभोर अंगावर पांढरे ठिपके असलेला लिओपोल्डी रे, म्हणजे चकतीसारख्या चपट्या अंगाचा गोड्या पाण्यातील मासा, निसर्गात फक्त ब्राझीलमधील शिंगू नदीच्या खोऱ्यात आढळतो. या जातीचा समावेश साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्याचा निर्णय 2022 साली झाला असल्याने मी टँकमध्येच जन्मलेले पिल्लू, सर्व कागदपत्रे पाहून, आणले. मात्र त्याच्या दोन महिने आधीपासून हा संप, म्हणजे टँकमधील पाणी गाळून परत पाठवणारी जोडटाकी, चालवून ठेवला होता, कारण हा मासा खातो भरपूर, अमोनियाही तेवढाच सोडतो आणि त्याच अमोनियापुढे तो इतर बहुतेक माशांच्या आधी हार मानतो.

मुख्य कामात हा संप पूर्ण उतरला आहे. सुमारे 1700 लिटरच्या टँकमध्ये, रोज दोनदा खाऊ घालूनही, अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी आजवर शून्यच आली. अमोनियापासून शेवटी उरणारे नायट्रेट मात्र वाढतेच. त्यासाठी दर आठवड्याला पाणी बदलण्याला पर्याय नाही. हीटर संपमध्ये ठेवता येतो, हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रे तापलेल्या हीटरला टेकून पडून राहतात आणि त्यांची कातडी भाजते.

गंभीर दोष ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकमधील पाणी वरून संपकडे जाते त्या वाटेच्या, जाळीत आहे. रे काचेवरून सरपटत पृष्ठभागापर्यंत येतात आणि या जाळीच्या फटी पिल्लासाठी फार रुंद आहेत. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पिल्लाच्या चकतीची कड त्या फटीत ओढली गेलेली दिसली; सोडवल्यावर कडेला बोटभर लांबीचा लाल ओरखडा उरला होता. तांबेयुक्त औषधे रेला सोसत नाहीत, म्हणून केवळ पाणी स्वच्छ ठेवून वाट पाहिली आणि जखम दोन आठवड्यांत भरली. उत्पादकाला कळवूनही उत्तर आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हा संप मोठ्या, दुर्मीळ माशांसाठी म्हणूनच विकला जातो.

आता जाळीवर जाडसर स्पंज बसवला आहे आणि तो दर तीन दिवसांनी पिळून धुवावा लागतो. पिल्लू बारीक वाळूत अंग पुरून बसते, तेव्हा डोळ्यांमागची दोन छिद्रे संथपणे उघडमीट करताना दिसतात. पाणी बिघडले की ती लय वाढते, म्हणून चाचणीच्या आधी मी तिकडेच पाहतो. मोठ्या रेसाठी हा संप मी निःशंकपणे सुचवेन, पिल्लासाठी मात्र स्पंज पहिल्याच दिवशी बसवावा.