लातूरच्या उन्हात जुनी फौज रंगवताना: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात आतेभावाची एक लोखंडी पेटी उदगीरहून आमच्याकडं लातूरला आली. दादा नव्वदच्या दशकात शिकायला इंग्लंडात होता. तिथं त्यानं वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळातली ड्वार्फांची (बुटक्या दाढीवाल्या लढवय्यांची) आणि ऑर्कांची (हिरव्या राक्षसांची) चिमुकल्या पुतळ्यांची फौज जमवली, स्वतः रंगवली. परत आल्यावर नोकरी लागली, संसार सुरू झाला आणि पेटी आत्याच्या माळवदाच्या घरात पडून राहिली. आता ते घर उतरवायचं ठरलं तेव्हा त्याचा फोन आला, “तुला जमत असलं तर बघ, नाहीतर भंगारात जाईल.” मी मोजले तेव्हा ९४ शिपाई निघाले. त्यातले ६१ धातूचे, बाकीचे प्लॅस्टिकचे. कुणाचा हात तुटलेला, कुणाच्या भाल्याचं टोक गेलेलं, काहींवर तर रंगाचे इतके जाड थर की नाक-डोळे दिसेनात.

तेव्हापासून ऑगस्टपर्यंत मी रोज रात्री तास-दीड तास या फौजेवर घालवला. या कामाच्या बहुतेक सगळ्या सूचना इंग्लंड-अमेरिकेतल्या गार, दमट हवेत बसून लिहिलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा पाळल्या की लातूरच्या एप्रिल-मेमध्ये काम बिघडतं. मला जे टिकलं, जे बदलावं लागलं, ते सगळं इथं लिहितो आहे. आपल्याकडं कुणी जुनी फौज उघडून बसलं असेल तर त्याचे काही महिने वाचतील.

आधी थोडं खेळाबद्दल. वॉरहॅमरचा पहिला खेळ १९८३ साली आला. शिपायांच्या रांगा लावायच्या, टेबलावर इंचांच्या पट्टीनं मोजून चाल करायची, फासे टाकून मारामारी ठरवायची. २०१५ साली खेळ काढणाऱ्या कंपनीनं ते जुनं जगच संपवलं आणि त्या जागी दुसरा खेळ आणला. मग जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावानं रांगांचा खेळ परत आला आणि जुन्या फौजांना पुन्हा टेबल मिळालं. अडचण एकच, बेसची, म्हणजे शिपायाच्या पायाखालच्या चौकोनी तुकड्याची, मापं वाढली. माणसांचे जे शिपाई पूर्वी २० मिलिमीटरच्या चौकोनावर उभे राहायचे, त्यांना आता २५ मिलिमीटर लागतात. मी जुने बेस उचकटले नाहीत. वाढीव मापाची खाच असलेले ट्रे करून घेतले आणि शिपाई त्यात ठेवतो. जुन्या बेसच्या कडेचा तो हिरवागार रंग त्या काळाची खूण आहे, तो घालवायला माझं मन होईना.

धातूच्या शिपायांबद्दल एक गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी. त्या काळापर्यंतच्या बऱ्याच मिनिएचरमध्ये, म्हणजे अशा चिमुकल्या पुतळ्यांत, शिसं असायचं. नव्वदच्या दशकात कंपन्या हळूहळू बिनशिशाच्या मिश्रधातूकडं वळल्या. पांढऱ्या कागदावर बेसची खालची उघडी बाजू घासून बघा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं आहे असं समजून चाला. असा शिपाई कोरड्या कानशीनं घासायचा नाही, ओला करूनच घासायचा. काम करताना चहा-बिस्किटं शेजारी नकोत, आणि उठल्यावर साबणानं हात धुवायचे. घरात लहान मूल असेल तर टेबल ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय उठायचं नाही. माझा पुतण्या चार वर्षांचा आहे, त्यामुळं हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

दादाचे नऊ ड्वार्फ पेटीच्या आत बुटाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात होते. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरलेली होती. बाकीचे उघड्या पत्र्यावर कापडात गुंडाळलेले होते, ते स्वच्छ निघाले. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून ॲसिटिक आम्लाची थोडी थोडी वाफ निघत राहते. बंद जागेत ती कोंडली, त्यात दमटपणा आला की शिशाचं हळूहळू पांढरं कार्बोनेट होतं. ही भुकटी विषारी असते, फुंकर मारून उडवू नका. मी हातमोजे आणि मास्क घालून, पाण्याखाली जुन्या टूथब्रशनं ती काढली. नऊपैकी सात वाचले. दोघांची तोंडंच खाऊन गेली होती. आई म्हणत होती, भिंतीत प्लायवूडचं छान कपाट करून घे. मी नको म्हटलं आणि सगळी फौज स्टीलच्या डब्यांत ठेवली. आपली कोरडी हवा शिशाला मानवते, पण पावसाळ्याचे तीन महिने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो.

आता जुना रंग काढण्याबद्दल. आधी मी घरोघरी असतं ते तपकिरी जंतुनाशक वापरलं. इंग्लंडातले लोक वर्षानुवर्षं तसलंच वापरतात. रंग सुटतो, पण मधेच पाणी लागलं की सुटलेला रंग डांबरासारखा चिकट होऊन खाचांत बसतो. घासणंही त्याच द्रवात करायचं आणि पाणी अगदी शेवटी लावायचं, हे मला चार ऑर्क बरबटल्यावर कळलं. शिवाय वास आठवडाभर घरात राहिला. मग मोबाईल दुरुस्तीवाल्या एका मित्रानं आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली दिली. सर्किट पुसायला ते लोक हेच वापरतात. कॉलेजांना केमिकल पुरवणाऱ्या दुकानातही मिळतं. मला अर्धा लिटर अडीचशेच्या आसपास पडलं. ॲक्रिलिक रंग त्यात चार तासांत सैल होतो आणि टूथब्रशनं निघतो. प्लॅस्टिकला काही होत नाही. ॲसिटोन मात्र प्लॅस्टिकच्या शिपायांजवळ आणूसुद्धा नका, ते विरघळतात. इनॅमल रंग असेल तर आयपीएला दोन-तीन रात्री लागतात आणि तरी खाचांत थोडा उरतोच.

आयपीए झटकन पेट घेतो. उन्हाळ्यात त्याची वाफही भरपूर होते. मी झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवतो आणि काम गच्चीवर करतो. स्वयंपाकघरात नाही आणि देवघरात दिवा लागलेला असेल त्या खोलीत तर मुळीच नाही. वापरलेलं आयपीए गाळून परत वापरता येतं. माझी दोन बाटल्यांत सगळी फौज झाली.

पण रंग काढायचा की नाही, हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. पहिल्या महिन्यात मी वीस ऑर्क सरळ बरणीत टाकले आणि हल्लीच्या पद्धतीनं, मळकट तपकिरी-करड्या छटांत रंगवले. काम सफाईदार झालं. फोटो दादाला पाठवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “छान झालेत रे. पण यातला पिवळ्या पट्ट्याच्या ढालीचा कुठाय? तो मी पहिल्यांदा रंगवला होता.” तो बरणीत गेला होता. मी ते सांगितलं तेव्हा “असू दे” म्हणाला, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

त्यानंतर मी नियमच केला. शिपाई हातात घेतला की आधी भिंगातून बघायचा. रंगाच्या थराखाली तपशील दिसतो आहे आणि रंग फक्त मळला आहे, तर काढायचा नाही. कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचा फेस करून मऊ ब्रशनं धुवायचा, वाळवायचा, उडालेल्या जागा तेवढ्या भरायच्या. रंग इतका जाड की नाकच गेलंय, किंवा खालचा धातू सडतोय, तरच बरणी. दादाच्या त्या जुन्या पद्धतीत लाल भडक, पिवळा चकचकीत, बेस कडेपर्यंत हिरवा. पहिल्यांदा मला ते बटबटीत वाटलं होतं. पण टेबलावर तीन फुटांवरून रांग बघितली की कोण कुठल्या पलटणीतला ते लगेच कळतं. माझे मळकट ऑर्क त्याच अंतरावरून एका ढिगासारखे दिसतात. नंतरची सगळी फौज मी दादाच्याच रंगांत केली. त्याचा विटलेला लाल जुळवायला लाल, थोडा नारिंगी आणि अगदी थेंबभर तपकिरी असं मिश्रण अकराव्या खेपेला बसलं. ते प्रमाण पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवलंय.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, स्प्रे हिवाळ्यात उत्तम बसला. एप्रिलमध्ये दुपारी चारला गच्चीवर मारला तर रंग नळीतून निघून शिपायापर्यंत पोचायच्या आतच वाळला आणि सगळ्या अंगावर वाळूसारखी खरखर बसली. सहा ड्वार्फ पुन्हा बरणीत गेले. इंग्लंडचे लोक पावसाळी दमटपणाला भितात, आपल्याला उन्हाला भ्यायला हवं. मार्च संपला की मी सकाळी सहाच्या आत, डबा थोडा जवळ धरून, लहान लहान झोतांनी मारतो. मे महिन्यात पारा ४१ अंशांवर गेला तेव्हा स्प्रे बंदच केला आणि ब्रशनं लावायचा पाण्याचा प्रायमर घेतला. वाळला असं वाटलं तरी त्याला पूर्ण एक दिवस द्या. लगेच नख लागलं तर सालीसारखा निघतो.

या दहा महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू कुठली, तर ओला पॅलेट. विकतचा नव्हे, घरचा. चपटा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओट्यावर वापरतो तसलं स्पंजाचं फडकं, त्यावर बटर पेपर. बटर पेपर बेकरीच्या सामानाच्या दुकानातला घ्या. स्टेशनरीतला घेतला तर तो भिजून सुरकुततो आणि रंग खड्ड्यांत जमा होतो. उन्हाळ्यात साध्या बशीवर रंगाचा थेंब टाकला की ब्रश शिपायापर्यंत नेईपर्यंत त्याच्यावर साय येते. ओल्या पॅलेटवर तोच थेंब मे महिन्यातसुद्धा रात्रभर टिकला. थंडीत एकदा पाणी घातलं की दोन दिवस बघावं लागत नाही. मेमध्ये एका बैठकीत दोनदा घालावं लागतं. चार-पाच दिवसांनी स्पंजाला कुबट वास यायला लागतो, म्हणून मी त्याखाली तांब्याच्या तारेचं एक वेटोळं ठेवलंय. तेव्हापासून बुरशी धरलेली नाही.

पाण्याचंही सांगतो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, नळावर पांढरे थर येतात. तेच पाणी वॉशमध्ये, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ रंगात, मिसळलं आणि काळ्या चिलखतावर वाळल्यावर पांढुरके डाग राहिले. मला आधी वाटलं रंगच खराब आहे. आता रंग पातळ करायला आणि पॅलेट भिजवायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरतो. गॅरेजच्या दुकानात स्वस्तात मिळतं, फक्त घेताना ॲसिडची बाटली नाही ना, एवढं लेबल वाचून घ्या. ब्रश धुवायला लागतं ते एक वाटीभर साधं पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव आहे. नळ सोडून ब्रश धुवायचं मनातही येत नाही.

रंग मी वायेहो या कंपनीचे, ड्रॉपर बाटलीतले घेतले. एका बाटलीला तीनशेच्या आसपास मोजले. थेंब मोजता येतात म्हणून मिश्रण परत जमवता येतं, जुन्या फौजेच्या कामात हे फार मोलाचं आहे. सगळा संच घेऊ नका. माझं नव्वद टक्के काम बारा बाटल्यांत झालं. ब्रशमध्ये एक नंबरचा कोलिन्स्की सेबल, म्हणजे नैसर्गिक केसांचा ब्रश, पुरतो. कृत्रिम केसांचे ब्रश महिन्याभरात टोकाला वाकतात, ते बेस आणि ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर रंग घासायला) ठेवा.

तुटलेले हात नुसत्या फेविक्विकनं जोडले तर धातूच्या वजनानं परत निखळतात. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून त्यात पितळी तारेचा तुकडा बसवायचा आणि मग चिकटवायचं. सोनाराच्या हत्यारांच्या दुकानात मिळणारं हातानं फिरवायचं बारीक ड्रिल यासाठी सगळ्यात चांगलं. दुकानदारानं विचारलं, कुठला दागिना आहे? मी खिशातून ड्वार्फ काढून दाखवला. त्यानं भिंग लावून त्याची वेणी घातलेली दाढी नीट बघितली आणि मला ०.८ मिलिमीटरची सुई घ्यायला लावली. तेच माप बरोबर निघालं. बेसमधली भोकं एम-सीलनं भरली. चेहऱ्या-बोटांसाठी मात्र पिवळी आणि निळी पट्टी मळून होणारी हिरवी पुट्टीच हवी. उन्हाळ्यात ती लवकर घट्ट होते, म्हणून मी पट्ट्या फ्रीजमध्ये वेगळ्या डबीत ठेवतो.

शेवटचा धडा ऑगस्टचा. तीन दिवस झड लागली होती, तरी मी दहा शिपायांना मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला. सकाळी बघतो तर सगळ्यांवर दह्याची साय धरल्यासारखा पांढरा पडदा. आई मागून म्हणाली, “आता काय करायलास रे, परत धुणार का काय?” धुवावं लागलं नाही. वर ब्रशनं चकाकीचं वॉर्निश दिलं तसा पडदा विरला. आठवड्यानं ऊन पडल्यावर त्यावर पुन्हा मॅट दिलं. दहापैकी नऊ पूर्ववत झाले, एकाच्या टोपावर अजून धुरकट छटा आहे. आता जून ते सप्टेंबर वॉर्निशचे डबे मी कपाटात वरच्या फळीवर ठेवून देतो.

फौजेतली चार गोलंदाजांची तोफ आणि ड्वार्फांचा झेंडेवाला एवढंच काम राहिलं आहे. झेंड्यावर दादानं हातानं काढलेली कुऱ्हाड आहे. दोन रेषा थरथरल्या आहेत, पण कुऱ्हाड ओळखू येते. तो झेंडा मी फक्त धुतला. उजवी कड उडालेली आहे, तिला लागणारा लाल मिसळून छोट्या डबीत भरून ठेवला आहे. दादा दिवाळीत येणार आहे, ती कड त्यानंच रंगवायची.