छातीचा कापडी सेन्सर-पट्टा: वेंगुर्ल्यात एक पावसाळा काढल्यानंतर

आबांना दमा आहे आणि बोटाला लावलेली क्लिप ते झोपेत काढून टाकतात, म्हणून श्वास आणि नाडी मोजणारा हा पट्टा घेतला. उन्हाळ्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आज मात्र इलॅस्टिकबद्दल लिहायचंय.

श्वास मोजण्यात खोट काढायला जागा नाही. पुढच्या कापडात प्लास्टिकचा प्रकाशतंतू नागमोडी विणलाय. छाती फुगली की त्याची वळणं बदलतात आणि पलीकडच्या टोकाला पोचणारा उजेड कमी-जास्त होतो. मी घड्याळ धरून आबांचे श्वास मोजले, आकडा जुळला.

नाडीचं तसं नाही. तिथे हिरवा एलईडी कातडीवर प्रकाश टाकतो, रक्त तो शोषतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. श्रावणात उघडीप मिळाली की आबा खळ्यात उघड्या अंगाने बसायचे आणि नाडी ७२ वरून एकदम १४०! मला वाटलं, खाऱ्या हवेने सेन्सर खाल्ला. पण आबा पडवीत आले की आकडा ठिकाणावर. कड उचलून पाहिली तर बोट सहज जाईल एवढी फट. इलॅस्टिक सैल पडलं होतं. ऊन आत शिरणार आणि जरा हललं की सेन्सर सरकणार, मग तो काय मोजणार?

पट्टा पिळायचा नाही, उन्हात घालायचा नाही, असं कागदावर लिहिलंय. आमच्याकडे पावसाळ्यात रुमाल दोन दिवस वाळत नाही, त्यात लाईट गेली की पंखाही बंद. घामाने भिजलेलं, कायम दमट राहिलेलं इलॅस्टिक टिकेल कसं?

कंपनीला फोन केला. उत्तर: पट्टा सुटा मिळत नाही, नवा संच घ्या. पट्ट्यावरची इलेक्ट्रॉनिक्सची डबी ठणठणीत आहे, चार टिचबटणांवर निघते, तरी संपूर्ण संच? हा चक्क ग्राहकाच्या खिशावर डल्ला आहे.

शेवटी बाजारातल्या टेलरकडे गेलो. प्रकाशतंतू पुढच्या भागात असल्याने त्याला सुई लागू न देता त्याने पाठीकडचं इलॅस्टिक बदललं. ६० रुपये. आता आबा खळ्यात बसले तरी नाडी जागेवर असते.

श्वासासाठी घ्यायचा तर जरूर घ्या. मी तीन तारे देतोय. पट्टा सुटा विकायला लागले की चौथा देईन.