टाइमशेअर ठेवावा की विकून मोकळं व्हावं?

आमच्याकडे टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या ठिकाणच्या घरात दरवर्षी एक आठवडा राहण्याचा विकत घेतलेला हक्क, नऊ वर्षं होता, आता नाही. त्यामुळे माझं मत कुठे झुकतं हे उघड आहे, पण दुसरी बाजूही मी मनापासून अनुभवली आहे.

ठेवण्याची बाजू लंगडी नाही. ऐसपैस जागा, स्वतःचं स्वयंपाकघर, सगळं घर एकत्र. ज्यांचा आठवडा पक्का आहे, म्हणजे ५२ पैकी अमुकच क्रमांकाचा, आणि जे दरवर्षी तिथेच आनंदाने जातात, त्यांनी विकायची घाई करू नये. आपला आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घ्यायचा, अशी अदलाबदलीची सोयही आहे. आरसीआय ही कंपनी हे काम १९७४ पासून करते. फक्त सभासद वर्गणी आणि प्रत्येक बदलीचं शुल्क वेगळं, हे धरून चाला.

आमचा आठवडा फ्लोटिंग होता, म्हणजे पक्का नव्हे, दरवर्षी नव्याने बुक करायचा, आणि घोडं तिथेच अडलं. बुकिंग वर्षभर आधी खुलं व्हायचं. मुलांच्या परीक्षेच्या तारखा तेव्हा लागलेल्या नसायच्या, आणि त्या लागेपर्यंत सुट्टीतले सगळे आठवडे गेलेले असायचे. एका वर्षी अंदाजानेच तारखा ठरवून पहाटे गजर लावला. दोन बेडरूमचं एकच घर शिल्लक दिसत होतं. चौघांची नावं टाइप करून होईपर्यंत तेही गेलं. थोड्याच दिवसांत मेंटेनन्सचं बिल आलं, आदल्या वर्षीपेक्षा वाढीव. आपण जा, न जा, ते भरावंच लागतं. त्या वर्षी आम्ही कुठेच गेलो नाही आणि बिल मात्र भरलं. मला वाटतं, बहुतेक जण याच जागी येऊन विकतात. कुणाची मुलं मोठी होतात, कुणाला प्रवास झेपेनासा होतो. जाणं थांबतं, बिल थांबत नाही.

भाड्याने देऊन पाहिलं. पण जे आठवडे आम्हालाच नको होते, ते दुसऱ्याला तरी कशाला हवेत? आलेल्या भाड्यात मेंटेनन्ससुद्धा निघाला नाही.

विकताना मन घट्ट करावं लागतं. मूळ किमतीत कंपनीचा जाहिरातीचा आणि विक्रीचा खर्च धरलेला असतो, तो पुढचा माणूस देत नाही. शिवाय काही सवलती नव्या मालकाकडे जातच नाहीत. आम्हाला मिळालेली रक्कम सांगण्यासारखी नव्हती. तरी, आधी कंपनीलाच परत घेता का म्हणून विचारा. गिऱ्हाईक आणून देतो म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला मात्र दारातही उभं करू नका. नुकतीच सही केली असेल, तर करार रद्द करायची मुदत आधी बघा. युरोपीय संघात ती १४ दिवसांची आहे. आणि कागदोपत्री नाव बदलल्याचं पत्र हाती येईपर्यंत सुटलो असं समजू नका.

आमचं पत्र आलं, त्यानंतर बिल आलं नाही. यंदा परीक्षेच्या तारखा लागल्यावर मग जागा शोधली, पाचच दिवसांची. तेवढीच हवी होती.